नागरिकशास्त्र शिक्षण, शालेय (नाशिक जिल्हा)

नागरिकाचे हक्क व कर्तव्ये, शासनसंस्थांची रचना आणि सार्वजनिक निर्णयांतील सहभाग यांचे शाळेतून मिळणारे शिक्षण. महाराष्ट्रात हा विषय ‘बालभारती’च्या पाठ्यपुस्तकांतून इतिहासाच्या जोडीने शिकवतात. सहावीत स्थानिक शासन, सातवीत संविधानाची ओळख, आठवीत संसद, न्यायव्यवस्था व राज्यशासन असा क्रम आहे. नववी-दहावीत त्याचे नाव राज्यशास्त्र होते आणि परराष्ट्र धोरण, निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी हे घटक येतात. दहावीच्या ४० गुणांच्या सामाईक प्रश्नपत्रिकेत इतिहासाचा वाटा मोठा. त्यामुळे पुस्तकाच्या शेवटच्या पानांवरचा हा भाग परीक्षा तोंडावर आली की उरकायचा, अशी अनेक शाळांतली रीत आहे.

नाशिकचे वैशिष्ट्य असे, की सहावीच्या पुस्तकातल्या जवळजवळ सगळ्या संस्था या एका जिल्ह्यात प्रत्यक्ष पाहायला मिळतात. नाशिक आणि मालेगाव या महानगरपालिका, सिन्नर, भगूर, येवला, त्र्यंबकेश्वर येथील नगरपरिषदा, सुरगाणा-पेठच्या नगरपंचायती, देवळालीचे कटक मंडळ (लष्करी छावणीच्या भागाची स्थानिक संस्था), जिल्हा परिषद, १५ तालुक्यांच्या पंचायत समित्या आणि पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यात पेसा कायद्याखालील (अनुसूचित क्षेत्रांत पंचायतराज लागू करणाऱ्या) ग्रामसभा. नाशिक रोडहून देवळाली कॅम्पमार्गे भगूरला जाताना काही किलोमीटरांतच तीन स्थानिक संस्थांच्या हद्दी लागतात आणि त्यांतले कटक मंडळ तर थेट संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. इतके साहित्य दाराशी असताना धडा मात्र फळ्यावरच्या तक्त्यातून शिकवला जातो. या विषयाची खरी अडचण अभ्यासक्रमापेक्षा इथे आहे.

शहरातल्या मुलांना सर्वांत अवघड जातो तो प्रश्न म्हणजे ‘हे काम कोणाचे?’ गंगापूर धरण जलसंपदा विभागाचे, पण नळाचे पाणी महापालिकेचे. सिटीलिंक बस महापालिकेच्या कंपनीची, लालपरी राज्य परिवहन महामंडळाची. घंटागाडी महापालिकेची, वीज महावितरणची, चौकातला पोलीस गृहखात्याचा. हे मोठ्यांनाही पुरते ठाऊक नसते, हे कोणत्याही सरकारी खिडकीपुढे थोडा वेळ उभे राहिले तरी कळते. म्हणून भागातली एक अडचण मुलांनीच शोधावी, ती कोणत्या विभागीय कार्यालयाकडे न्यायची हे ठरवावे, अर्ज लिहावा, आवक क्रमांकासह पोच घ्यावी आणि उत्तराची वाट पाहावी, हा उपक्रम स्वाध्यायाच्या दहा प्रश्नांपेक्षा जास्त शिकवतो. माहितीचा अधिकार अधिनियम (२००५) आणि राज्याचा लोकसेवा हक्क अधिनियम (२०१५) यांचा वर्गात शिरकाव व्हावा तो याच वाटेने. उत्तर आले नाही, तर अपील कोठे करायचे हा पुढचा तास.

नाशिक महानगरपालिका १९८२ साली स्थापन झाली. तिच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत शहराचा कारभार प्रशासकांकडे राहिला. जिल्हा परिषदेची मुदतही मार्च २०२२ मध्येच संपली होती. जून २०२२ मध्ये सहावीत बसलेले मूल नववीत गेले तेव्हाही त्याच्या प्रभागाला नगरसेवक नव्हता. पुस्तकात महापौर, स्थायी समिती, प्रभाग समिती अशी सगळी उतरंड होती, शहरात आयुक्त तेवढे होते. ७४ व्या घटनादुरुस्तीने दर पाच वर्षांनी निवडणुकीची तरतूद केलेली असताना असे का झाले, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर आरक्षण, प्रभागरचना आणि न्यायालयीन वाद यांपर्यंत जावे लागते. बरेच शिक्षक ‘हे राजकारण झाले’ म्हणून तिथेच थांबतात. पण त्या वर्षांत याहून जिवंत पाठ दुसरा नव्हता.

शालेय मंत्रिमंडळ हा जिल्हाभर रुळलेला उपक्रम. अर्ज भरणे, चिन्हवाटप, प्रचार, बोटाला शाई, मोबाइलवरील अॅपचे मतदानयंत्र असा सगळा थाट असतो आणि मुले त्यात रमतात. पुढे आरोग्यमंत्री नखे तपासतो, स्वच्छतामंत्री कागद वेचतो आणि निर्णय गुरुजीच घेतात. वाचनालयाची वेळ, खेळाच्या साहित्याची खरेदी किंवा पोषण आहाराच्या रांगेची व्यवस्था अशा एखाद्या बाबीत बालसभेचा शब्द चालला, तरच निवडणुकीला अर्थ येतो. लहान वर्गांसाठी ‘मूल्यवर्धन’ कार्यक्रमाने संवाद आणि सहमतीचे नियम गटकार्यातून रुजवण्याचा मार्ग दाखवला. त्याची सुरुवात २००९ मध्ये बीड जिल्ह्यात झाली आणि नंतर तो राज्यातील शासकीय शाळांत पसरला.

पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर या भागांत चित्र वेगळे आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानंतर राज्याने २०१४ मध्ये नियम केले आणि त्यानुसार पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मागता येते. आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी थेट ग्रामपंचायतींना देण्याचा निर्णय २०१५ चा. तो कशावर खर्च झाला, हे पाड्यावरच्या मुलाला घरच्या बोलण्यातून कळू शकते. मार्च २०१८ मध्ये वनजमिनीच्या हक्कासाठी नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या शेतकऱ्यांत याच तालुक्यांतले लोक मोठ्या संख्येने होते. दहावीतला चळवळींचा धडा इथे घरातूनच सुरू होतो.

शहरातले दुसरे उदाहरण पंचवटीतले. काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. दादासाहेब गायकवाड हे त्याचे स्थानिक सूत्रधार. मुले हा सत्याग्रह इतिहासाच्या भागात शिकतात आणि अस्पृश्यता नष्ट करणारे संविधानाचे १७ वे कलम नागरिकशास्त्राच्या भागात. दोन्ही एकाच तासाला शिकवायला कोणाची हरकत नसावी.

नववी ते बारावीसाठी निवडणूक आयोगाने २०१८ पासून मतदार साक्षरता मंडळे सुरू केली. गंमत अशी, की मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून अनेकदा शिक्षकांनाच नेमले जाते, आणि मतदारयाद्यांच्या कामासाठी ते बाहेर पडले की शाळेतले तास बुडतात. कनिष्ठ महाविद्यालयांत या मंडळांचे सर्वांत नेमके काम म्हणजे नमुना ६, म्हणजे नव्या मतदाराच्या नोंदणीचा अर्ज, भरून घेणे. २०२२ पासून १७ वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो आणि १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर असे वर्षाला चार अर्हता दिनांक (ज्या तारखेला १८ वर्षे पूर्ण असावी लागतात) आहेत.