घोडेस्वारी वेगळी, घोड्यासोबतचा मानसोपचार वेगळा

देवळाली कॅम्प, भगूर, विहितगाव, नाशिक रोड या पट्ट्यात माजी सैनिकांची घरं गल्लोगल्ली आहेत. तोफखान्याचं प्रशिक्षण इथलंच, त्यामुळं निवृत्तीनंतर इथंच प्लॉट घेऊन राहिलेली माणसं खूप. समुपदेशनासाठी येणाऱ्या या घरांतून एक प्रश्न मला आता सारखा ऐकू येतो: "मॅडम, ह्यांना झोप लागत नाही, मुलांवर ओरडतात. घोडेस्वारीला घातलं तर बरं वाटेल का? घोड्याची थेरपी असते म्हणे." सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एखादा व्हिडिओ असतो. त्यात परदेशी सैनिक घोड्याच्या मानेवर डोकं टेकून रडत असतो.

प्रश्न कळकळीचा असतो, त्यामुळं उत्तरही नीट द्यायला हवं. व्हिडिओत दिसते ती एक गोष्ट असते आणि इथं पैसे भरून मिळते ती बहुतेक वेळा दुसरीच. दोन्ही चांगल्या आहेत. पण एकीच्या जागी दुसरी घेतली की माणूस दोन-तीन महिन्यांनी "हेही करून बघितलं, काही उपयोग नाही" म्हणतो आणि त्यानंतर कुठल्याच उपचाराला तयार होत नाही. मला चीड येते ती या नुकसानाची.

इथं बहुतेक वेळा मिळते ती पहिली गोष्ट म्हणजे उपचारासाठी केलेली घोडेस्वारी. नाशिककरांना घोडेस्वारी नवी नाही. डॉ. मुंजे यांनी 1937 साली सुरू केलेल्या भोसला सैनिकी शाळेमुळं खोगीर, रिकीब, लगाम, दुडकी हे शब्द इथल्या कित्येक घरांत ओळखीचे आहेत. त्यामुळं यावर फार लिहीत नाही. पोलिओनं पाय अधू झालेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवलं, आणि अपंगांसाठीच्या घोडेस्वारीकडं जगाचं लक्ष गेलं. 1969 मध्ये ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडं त्यासाठी संस्था उभ्या राहिल्या. कदम चालीत घोड्याची पाठ ज्या लयीत हलते त्याच लयीत स्वाराचं कंबरडं हलतं, अगदी स्वतः चालताना हलतं तसं. म्हणून पाय गमावलेल्या किंवा शरीराचा तोल सांभाळता न येणाऱ्या माणसाला याचा फायदा होतो. अमेरिकेत आर्लिंग्टनच्या दफनभूमीत शहिदांच्या शवपेटीचा गाडा ओढणाऱ्या लष्करी घोड्यांवर 2006 पासून जखमी सैनिकांना बसवायला सुरुवात झाली, तीही याच वाटेवरची. आपल्याकडं पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रातून पाय बसवून आलेल्या जवानाला डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर त्यानं स्वारी जरूर करावी. मणका अस्थिर असेल, फिट्स आटोक्यात नसतील, हाडं फार ठिसूळ असतील, बसण्याच्या जागी जखमा असतील तर करू नये. फिजिओथेरपिस्ट स्वतः घोड्याच्या चालीचा वापर करून उपचार करतात, तोही याच कुटुंबातला प्रकार धरा.

व्हिडिओत दिसते ती दुसरी गोष्ट म्हणजे घोडा सोबत घेऊन केलेला मानसोपचार. यात बहुतेक वेळा घोड्यावर बसतच नाहीत. माणूस रिंगणात जमिनीवर उभा असतो, घोडा मोकळा किंवा मोरखीला (तोंडावरच्या पट्ट्याला) दोर लावलेला, आणि सोबत दोन जण: एक मानसोपचाराचं शिक्षण घेतलेली व्यक्ती आणि एक घोड्याची नस ओळखणारा.

इथं येऊन लोक थांबतात. "म्हणजे एकात वर बसायचं, एकात खाली उभं राहायचं, एवढंच ना?" नाही. जमिनीवर उभं राहून घोड्याला खरारा करायला, म्हणजे ब्रशनं अंग घासायला, शिकवणं हाही घोडेस्वारीच्या शिक्षणाचाच भाग आहे, त्यानं तो मानसोपचार होत नाही. कुठल्या जातीचा घोडा, फी किती, मैदान झाकलेलं की उघडं, हे सगळं गौण. घोडा हलत नाही तेव्हा काय होतं, यावरून खरा फरक कळतो.

नेहमी घडणारा प्रसंग घ्या. निवृत्त हवालदार साहेबांच्या हातात दोर दिला आहे. घोडीला रिंगणाच्या त्या टोकापर्यंत न्यायचं, एवढंच काम. ते दोन पावलं टाकतात, घोडी जागची हलत नाही. ते वळून तिच्याकडं तोंड करून उभे राहतात आणि ओढतात. घोडी मान वर करते, पुढचे पाय रोवते. ते आणखी ओढतात. जबडा आवळलेला, खांदे वर गेलेले. घोडी एक पाऊल मागं जाते.

स्वारी शिकवणारा उस्ताद अशा वेळी लगेच बोलणार, आणि बोललंच पाहिजे. "साहेब, तिच्याकडं बघू नका. दोर ढिला सोडा. खांद्याजवळ उभे राहा, समोर बघा आणि चालायला लागा." साहेब तसं करतात, घोडी निघते. साहेब खूश, उस्ताद खूश. एक कसब शिकवलं गेलं, ते घेऊन माणूस घरी जातो.

मानसोपचारात त्याच क्षणी कोणी काही सांगत नाही. सुरक्षिततेचा प्रश्न आला तरच घोड्याचा जाणकार मध्ये पडतो, नाहीतर दोघंही गप्प. साहेब अजून एकदा ओढतात, मग दोर खाली टाकतात. "जाऊ दे, ही ऐकणारी नाही." रिंगणाच्या कडेला जाऊन पाठ फिरवून उभे राहतात. आता विचारणा होते. काय झालं? ऐकत नाही. मग तुम्ही काय केलंत? ओढलं. मग? अजून ओढलं. आणि मग? सोडून दिलं. याच्या आधी असं कुठं झालंय? बराच वेळ कोणी बोलत नाही. आणि मग, त्याच दिवशी किंवा तीन आठवड्यांनी, ते दहावीतल्या मुलाबद्दल बोलायला लागतात. आधी आवाज चढवायचा, मग अजून चढवायचा, मग खोलीचं दार लावून दोन दिवस कोणाशी बोलायचं नाही. त्याच्याही मागं कधीतरी पोस्टवरची एखादी रात्र निघते, जिच्याबद्दल घरात एक शब्द आजवर निघालेला नसतो.

उस्तादानं त्या क्षणी योग्य पद्धत सांगितली असती तर यातलं काहीच बाहेर आलं नसतं. मदत करण्याच्या भरात उपचार नेमका इथं मोडतो, आणि मोडणारे लोक वाईट नसतात. फौजी माणसाच्या बाबतीत तर हे फार जपावं लागतं. वीस-बावीस वर्षं त्याला प्रत्येक कामाची बरोबर ड्रिल शिकवलेली असते. रिंगणात आल्याबरोबर तो विचारतो, "बरोबर कसं करायचं ते सांगा." तुम्ही सांगितलंत की तो ते उत्तम करून दाखवेल, आणि त्या उत्तमपणाच्या आड बसून राहील. स्वारी त्याला पुन्हा एक ड्रिल देते. मानसोपचार ती ड्रिल मुद्दाम देत नाही. म्हणून जिथं चालवणारा दर दोन मिनिटांनी "असं धरा, तसं उभे राहा" म्हणतो, तिथं पाटीवर काहीही लिहिलेलं असो, चाललंय ते घोडेस्वारीचं शिक्षण.

मग स्वारीनं मनाला काहीच होत नाही का? होतं. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठातल्या 2018 च्या अभ्यासात आघातानंतरच्या तणावविकाराचे 29 माजी सैनिक सहा आठवडे घोड्यावर बसले, आणि त्यांची लक्षणं कमी झालेली दिसली. उन्हात हालचाल, जनावराचा सहवास, नवं काही जमल्याचं समाधान, यानं माणूस सैलावतो. पण साठलेलं उघडं पडलं तर समोर कोण आहे? देवळालीच्या रेंजवर फायरिंग असलं की तोफांचा आवाज आजूबाजूच्या गावांत दूरवर जातो. समजा स्वारी चालू असताना तो आवाज आला आणि खोगिरावर बसलेला माणूस थिजला, श्वास वर लागला, आपण कुठं आहोत हेच त्याला कळेना. चांगला उस्ताद घोडा सांभाळेल, माणसाला सुखरूप खाली उतरवेल. त्याचं काम तिथं संपतं. त्या माणसाला परत वर्तमानात आणणं, त्या रात्री घरी काय होऊ शकतं हे बायकोला समजावणं, पुढच्या वेळी काय करायचं ते ठरवणं, हे काम शिकलेला माणूस तिथं नसतो. मानसोपचारात तो पहिल्यापासून रिंगणातच असतो.

"घोडा माणसाचं मन वाचतो" हे वाक्य मात्र कृपा करून पुढं पाठवू नका. "घोडा दुःख ओढून घेतो" हेही नको. घोडा शिकार होणारं, कळपात राहणारं जनावर आहे. डोळे डोक्याच्या बाजूला, त्यामुळं जवळजवळ सगळीकडचं दिसतं. दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना वळतात. आपला आखडलेला हात, रोखलेला श्वास, जडावलेलं पाऊल त्याला लगेच जाणवतं, कारण कळपात त्याचा जीव अशाच खुणांवर अवलंबून असतो. यात चमत्कार नाही, आणि चमत्कार नाही म्हणूनच ते विश्वासाचं आहे. माजी सैनिकाला घोड्यात स्वतःचं काहीतरी दिसतं तेही याच कारणानं: दोघंही सतत पहाऱ्यावर. फरक इतकाच की खटका झाला की घोडा दचकतो, बघतो, धोका नाही असं कळलं की मान खाली घालून पुन्हा गवताला लागतो. माणसाचं शरीर मात्र दहा वर्षांनीही पहाऱ्यावरून उतरलेलं नसतं. हे उतरणं समोर प्रत्यक्ष दिसतं, पुस्तकातून सांगावं लागत नाही.

याच कारणानं वरातीत नाचवलेला घोडा मला मानसोपचारासाठी अजिबात चालत नाही. बँड, फटाके, गर्दी यांत उभं राहायची सवय लावताना त्याची दचकण्याची, नको म्हणण्याची क्रियाच दाबलेली असते. तो शांत दिसतो, पण माणसाच्या वागण्याला प्रतिसादच देत नाही, आणि इथं तर तो प्रतिसादच हवा असतो. स्वारीसाठी असा घोडा एकवेळ चालेल.

घरच्यांचं काय, हेही यातूनच ठरतं. स्वारीच्या मैदानावर वहिनी आणि मुलं कडेच्या बाकावर बसून बघतात, फोटो काढतात. मानसोपचारात त्यांना आत घेता येतं. मोकळ्या घोड्याला दोन ड्रमांच्या मधून न्यायचं, दोर नाही, एकमेकांशी बोलायचं नाही, एवढं काम सगळ्या घराला मिळून दिलं की दहा मिनिटांत घराचा कारभार रिंगणात मांडला जातो. साहेब खुणांनी हुकूम सोडतात. थोरली बापाकडं बघते, घोड्याकडं नाही. धाकटा कधीच बाहेर जाऊन उभा. आणि वहिनी, ज्यांनी नवरा फील्ड पोस्टिंगवर असताना शाळा, दवाखाना, सासू-सासरे, घराचे हप्ते सगळं एकटीनं ओढलं, त्या मागून शांतपणे घोड्याजवळ जातात आणि मग साहेबांनी हात वर केला की थांबतात. निवृत्तीनंतर एका घरात दोन कमांडर झालेले असतात आणि त्याबद्दल कोणी बोललेलं नसतं. तक्रार घरातल्या वागण्याची असेल तर साहेबांना एकट्यांना पाठवू नका, हे माझं ठाम मत आहे. एकटा माणूस बरा होऊन त्याच जुन्या मांडणीत परत येतो आणि महिन्याभरात सगळं पहिल्यासारखं होतं.

पुरावा किती? कोलंबिया विद्यापीठानं 63 माजी सैनिकांना दर आठवड्याला 90 मिनिटांची अशी आठ गटसत्रं देऊन 2021 मध्ये निष्कर्ष छापले. घोडे होते, स्वारी नव्हती. निम्म्याहून अधिक जणांत ठळक सुधारणा दिसली आणि तीन महिन्यांनी ती टिकून होती. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळं यावरून शेवटचा निवाडा देता येत नाही. आघाताच्या आठवणींवर थेट काम करणारे बोलण्याचे उपचार आणि औषधं यांचा पुरावा कितीतरी भक्कम आहे. घोडा त्यांच्या जोडीला येतो, त्यांच्या जागी नाही. बंद खोलीत डॉक्टरसमोर खुर्चीवर बसायलाच जो तयार नाही, त्याच्यासाठी रिंगण ही आत यायची वाट ठरू शकते. घोडा सुरू झाला म्हणून गोळ्या बंद करा असं सांगणाऱ्या माणसाच्या दारात पुन्हा जाऊ नका. जिल्ह्यातल्या एका ठिकाणी एका कुटुंबाला नेमकं हेच सांगितलं गेलं, आणि पुढचे दोन महिने त्या घरानं जे भोगलं ते मी जवळून पाहिलं आहे.

म्हणून पैसे भरण्याआधी विचारा. मानसोपचाराची जबाबदारी कोणाची, आणि ती व्यक्ती प्रत्येक सत्राला स्वतः रिंगणात असते का? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी दाखवायला सांगा. घोड्यांचं मोठमोठं प्रमाणपत्र त्याऐवजी चालत नाही. पहिल्या दिवशी घोड्याजवळ नेण्याआधी झोप, दारू, औषधं, जीव नकोसा वाटणं याबद्दल सविस्तर विचारपूस होते का, ते बघा. सत्रांचे व्हिडिओ जाहिरातीला वापरणार का, हेही विचारा. रडणाऱ्या सैनिकाचा व्हिडिओ बाहेर टाकणारी जागा माझ्या मते उपचाराची नाहीच.

साहेबांचा पाय, पाठ, तोल हा प्रश्न असेल, किंवा नुसतं घरात बसून कंटाळा येत असेल, तर चांगला उस्ताद शोधा आणि बिनधास्त स्वारी सुरू करा. झोपेत ओरडून उठणं, गर्दी टाळणं, हात उचलणं हा प्रश्न असेल तर आधी ईसीएचएसमधून (माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य योजनेतून) मानसोपचारतज्ज्ञाकडं जा आणि घोड्याचं त्यांनाच विचारा. मरणाची भाषा निघत असेल तर त्याच दिवशी 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर फोन लावा. तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.