किनारे व नदीकाठांची झीज आणि पुरातत्त्वीय स्थळे (नाशिक परिसर)

समुद्रकिनारा किंवा नदीकाठ जागा बदलतो तेव्हा त्यावरच्या प्राचीन वस्त्या, बंदरे, मंदिरे व तटबंद्या यांना पोहोचणारा धोका. लाटा आणि पूर काठ कापतात, गाळ साचून बंदर समुद्रापासून आत, जमिनीत पडते, समुद्राची पातळी वाढते, धरणे आणि बांधकामे पात्राची ठेवण बदलतात. बहुतेक ठिकाणी यांतली दोन-तीन कारणे एकदमच काम करत असतात. नाशिक घाटमाथ्यावरचे शहर असल्याने तिथे समुद्राचा थेट संबंध येत नाही. पण गोदावरीच्या काठावर हाच प्रश्न दर पावसाळ्यात उभा राहतो. शिवाय पश्चिम किनारा पूर्वी कसा वापरात होता याचा एक उत्तम लेखी पुरावा नाशिकच्याच डोंगरात आहे.

पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप (शक सत्ताधीश) नहपानाचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याचा लेख आहे. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहणुका या नद्यांवर त्याने फुकट होड्यांची सोय केली, दोन्ही तीरांवर सभा (विसाव्याच्या जागा) व पाणपोया बांधल्या आणि गोवर्धन, शूर्पारक येथील धर्मसंघांना नारळाची झाडे दिली, असे त्यात म्हटले आहे. शूर्पारक म्हणजे आजचे सोपारा, वसईजवळचे जुने बंदर. या नद्या घाटाखाली, किनारपट्टीवर समुद्राला मिळतात. लेख कातळात असल्याने शाबूत राहिला. नदीमुखाजवळच्या पाणपोया आणि उतारूंच्या सभा यांना तसे भाग्य लाभणे अवघड, कारण तिथला काठ भरती-ओहोटी आणि पूर सतत हलवत असतात.

काठ हलल्याने स्थळ नेहमी बुडतेच असे नाही. सोपाऱ्याला पाणी मागे हटले, खाडी गाळाने भरली आणि बंदराचे गाव जमिनीत अडकले. तिथला स्तूप भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 मध्ये खणला. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही त्याच सुमारास हाती लागला. गुजरातेत लोथल या सिंधू संस्कृतीच्या गावाजवळची नदी पात्र सोडून गेली आणि समुद्र दूर राहिला. सोपाऱ्यासारख्या स्थळांचा आजचा शत्रू पाणी नव्हे, वाढते शहर आहे. उलट महाबलीपुरमला समुद्र थेट काठ खातो. तिथल्या किनाऱ्यावरील मंदिराला दगडांचा बांध घालावा लागला. 2004 च्या त्सुनामीने त्याच किनाऱ्यावरची वाळू ओढून नेली आणि काही जुने अवशेष उघडे पाडले. जगभरातील समुद्राची सरासरी पातळी 1901 ते 2018 या काळात सुमारे 20 सेंटीमीटरने वाढली. आकडा लहान वाटतो, पण मोठी लाट आणि उधाणाची भरती आता त्या वाढलेल्या पातळीवरून धडक मारतात.

नाशिकमध्ये सर्वांत नाजूक जागा म्हणजे जुन्या गावातली, नदीला लागून असलेली गढीची टेकाडे. डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी 1950-51 मध्ये मातीच्या गढीवर उत्खनन केले. तळाशी ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या लोकांची) वस्ती, तिच्यावर इतिहासकाळाच्या आरंभीचे व सातवाहन काळाचे थर, आणि सर्वांत वर मध्ययुग ते मराठा काळ, असा वस्तीचा क्रम तिथे उलगडला. असे टेकाड राख, शेण, पडलेल्या भिंती, चुली आणि खापरे यांचे शतकानुशतके साचून झालेले असते. खेडोपाडी अशा जागेला पांढर म्हणतात, आणि तिथली माती शेतात टाकायला चांगली म्हणून लोक ती गाडीने नेत आले आहेत. म्हणजे टेकाडाचा एक कडा नदी कुरतडते आणि दुसरा माणूस.

कडा बहुधा पूर चढताना पडत नाही, पाणी ओसरू लागले की पडतो. पुराच्या वेळी पायथ्याची माती भिजून जड होते, पण बाहेरचे पाणी तिला रेटून धरते. पाणी उतरले की तो आधार जातो, खालचा थर घसरतो, वरचा भाग लोंबकळतो, माथ्यावर चीर पडते आणि काही दिवसांनी, कधी नुसत्या साध्या सरीने, दरड खाली येते. तिच्याबरोबर जाणारी खापरे सापडली तरी फारसे हाती लागत नाही. खापर कोणत्या थरात, कशाच्या खाली आणि कशाच्या वर होते, यावरच पुरातत्त्वाचा सगळा व्यवहार चालतो, आणि दरड कोसळली की नेमके तेच मोडते. अशाच टेकाडांपैकी काझीच्या गढीवर तर आजही दाट वस्ती आहे. पावसाळा आला की घरे रिकामी करण्याच्या नोटिसा आणि संरक्षक भिंतीची मागणी हे ठरलेलेच. इथे वारशाच्या आधी माणसांच्या जिवाचा प्रश्न येतो, आणि तसेच व्हायला हवे.

नदी नेते तसे दाखवतेही. गंगापूरजवळ गंगावाडी येथे गोदावरीने कापलेल्या काठातील जाड्या-भरड्या गोट्यांच्या थरांत अश्मयुगीन दगडी हत्यारे मिळाली. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरचे स्कारा ब्रे हे नवाश्मयुगीन गावही 1850 मधील वादळाने वाळू उडवल्यामुळेच प्रकाशात आले.

पंचवटीत पुराचे मोजमाप लोक आजही नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर करतात: पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले. दुसरी खूण नारोशंकराच्या देवळावरची घंटा. 1739 मध्ये मराठ्यांनी वसई जिंकल्यावर तिथून आलेली ही पोर्तुगीज घंटा समुद्रकाठ सोडून गोदाकाठी टांगली गेली, आणि तिथेही पाण्याने तिची पाठ सोडली नाही. घडीव दगडाची ही देवळे पूर सोसतात. नुकसान होते ते त्यांच्या पायथ्याशी. पात्रातली जुनी कुंडे आणि त्यांना पाणी देणारे झरे सिंहस्थाच्या सोयींसाठी ओतलेल्या काँक्रीटखाली गेले, आणि ते काढण्याची मागणी गोदाप्रेमी वर्षानुवर्षे करत आहेत. घाट रुंद करणे म्हणजे घाट जपणे, ही समजूत या शहरात फार घट्ट आहे.

उपायांतही असाच पेच असतो. कोकणात धूपप्रतिबंधक बंधारा घातला की त्या जागेपुरती लाट अडते, पण किनाऱ्यालगत लाटांबरोबर वाहणारी वाळू अडून शेजारचा किनारा अधिक खचू शकतो. नदीत एका काठाला भिंत बांधली, तर प्रवाह समोरच्या काठावर जोर काढू शकतो. शिवाय भिंतीचा पाया खणताना टेकाडाचेच थर कापले जातात. संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढील 200 मीटर क्षेत्रात नियंत्रण आहे. हा नियम बिल्डरला अडवतो, नदीला नाही. पुराचे पाणी कुठवर येऊ शकते हे नकाशावर दाखवणाऱ्या निळ्या व लाल पूररेषाही घरांसाठी आखलेल्या आहेत. त्यांच्या आत कोणती पुरातन स्थळे येतात याची यादी त्याच नकाशावर चढवणे हे स्वस्त आणि करण्याजोगे काम आहे. दुसरे काम उघड्या पडलेल्या कड्याचे: दर पावसाळ्यानंतर त्याची मोजमापे, छायाचित्रे व थरांचे आरेखन करणे आणि थरांचा काळ ठरवण्यासाठी कोळशाचे नमुने घेणे. हे भिंतीच्या कामाला हात लागण्याआधी व्हावे लागते, कारण भिंत उभी राहिली की कडा झाकला जातो.