शनवार तेल्यांची गोष्ट

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फार पूर्वी एक तारू फुटलं. सात पुरुष आणि सात बाया तेवढ्या वाचल्या, बाकीच्यांना तिथंच पुरलं. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. त्यांच्या घरातल्या मुलाला 'आपण कोण' याचं उत्तर या गोष्टीतून मिळतं, मग ते पेणमध्ये वाढो की इस्रायलमधल्या डिमोनात.

तारू कुठलं, कोणत्या शतकातलं, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. शिवाय परशुरामाने किनाऱ्याला लागलेली चौदा प्रेतं जिवंत केली, अशी कथा चित्पावनांतही आहेच. कोणी कोणाची उचलली या वादात मी पडत नाही. एकाच किनाऱ्यावरच्या आज्या चौदाचाच आकडा सांगत आल्या, याची मला जास्त गंमत वाटते.

पोथ्या समुद्रात गेल्या. उरला तो 'शेमा' (यहुद्यांची मुख्य प्रार्थना), सुंता आणि शनिवारचा विसावा. धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. आडनावं गावांवरून पडली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर. सणांनाही कोकणी नावं. योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, दारं लावून घरात बसायचं, म्हणून तो दारफाळणीचा सण. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवस तो बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं. हिब्रू नाव विसरलं तरी वाल सोलताना पोरं विचारणारच, आज काय आहे?

पुढे दाविद राहबी नावाचा बाहेरचा यहुदी आला. हे लोक खरंच यहुदी आहेत का, हे बघायला त्याने बायांपुढे मासे टाकले. बायांनी खवले नसलेले, म्हणजे यहुदी धर्मात वर्ज्य असलेले मासे बाजूला काढले. परीक्षा झाली! त्याचाही काळ नक्की नाही, पण कोकणातल्या बाईची पारख मासळीवरून करायची, हे अगदी पटण्यासारखं आहे.

पक्का आधार नंतरचा. 1796 मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळ, बांधलं. वल्हांडणाच्या रात्री मुलांना यहुदी मिसरमधून (इजिप्तमधून) सुटल्याची कथा सांगायची असते. तिची पोथी, हगादा, 1846 मध्ये मुंबईत मराठीसह छापली गेली. 1874 च्या पुण्यातल्या आवृत्तीत तर मात्झा, म्हणजे सणाची बेखमीर भाकरी, करणाऱ्या बाया साडीत आहेत.

1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. तिथे यहुदी धर्मपीठाने लग्नाच्या वेळी त्यांच्या कुळाची चौकशी लावली. चौकशीत आजीची गोष्ट थोडीच चालते? 1964 मध्ये जेरुसलेममध्ये मोठं आंदोलन झालं, तेव्हा कुठे ती चौकशीची अट गेली.

नवस मात्र अजून एलियाहू हनाबीचाच, म्हणजे एलिया संदेष्ट्याचाच. पोहे, गूळ, खोबरं, वेलची कालवून वर फळं रचली की मलिद्याचं ताट तयार. अलिबागजवळ खंडाळ्याच्या कातळावरच्या खुणा त्याच्या रथाच्या, असं मानतात. इस्रायलहून आलेली कुटुंबं नातवंडांना तिथे घेऊन जातात, आणि ताट त्या कातळापाशीच ठेवतात.