गणितीय वस्तू

संख्या, संच, फलन, बिंदू अशा ज्या गोष्टींविषयी गणित बोलते, त्यांना गणिताच्या तत्त्वज्ञानात गणितीय वस्तू म्हणतात. १७ ही मूळ संख्या आहे, याविषयी दुमत नाही. वाद आहे तो हे विधान ज्या १७ विषयी आहे, ती कोणत्या अर्थाने ‘आहे’ याचा.

प्लेटोपासून चालत आलेल्या वास्तववादी मतानुसार या वस्तू मनाबाहेर, स्थळकाळाच्या पलीकडे असतात. तर्कशास्त्रज्ञ कुर्ट ग्योडेल याने हे मत ठामपणे मांडले. डच गणितज्ञ ब्रौवरच्या मते मात्र गणित ही मनाने केलेली रचना आहे. त्यामुळे एखादी वस्तू ‘नाही’ असे मानल्यास विसंगती येते, एवढ्यावरून ती आहे असे त्याला मान्य नव्हते.

वास्तववादापुढची खरी अडचण तत्त्वज्ञ पॉल बेनासेराफ यांनी १९७३ मध्ये नेमकी मांडली. संख्या कशाचेही कारण होत नाहीत, इंद्रियांना भिडत नाहीत. मग त्यांचे ज्ञान आपल्याला होते कसे? संख्या आहेत, या बाजूने तत्त्वज्ञ क्वाइन आणि पटनम यांचा युक्तिवाद असा: विज्ञानाचे संख्यांवाचून चालत नाही, म्हणून विज्ञान मानणाऱ्याने संख्याही मानल्या पाहिजेत. यावर हार्ट्री फील्ड यांनी १९८० मध्ये न्यूटनचा गुरुत्वाकर्षण सिद्धांत संख्यांचा आधार न घेता मांडून दाखवण्याचा प्रयत्न केला.

बेनासेराफ यांचा १९६५ चा युक्तिवाद याहून साधा आणि, प्रस्तुत लेखकाच्या मते, अधिक खोल आहे. रिक्त संचाला ० मानून पुढच्या संख्या संचांतून उभारता येतात. गणितज्ञ त्सेर्मेलोच्या रीतीत ३ म्हणजे फक्त २ हा घटक असलेला संच, तर गणितज्ञ फॉन नॉयमानच्या रीतीत ३ म्हणजे ०, १ आणि २ यांचा संच. १ हा ३ चा घटक आहे का? पहिली रीत नाही म्हणते, दुसरी हो म्हणते. अंकगणित मात्र दोन्हींत तंतोतंत तेच राहते. एकीला खरी ठरवायला काहीच आधार नाही. तेव्हा संख्या म्हणजे संच नव्हेत.

यातूनच संरचनावादाला बळ मिळाले: ३ म्हणजे २ नंतरचे आणि ४ आधीचे स्थान, त्याहून अधिक काही नाही. स्ट्युअर्ट शपिरो आणि मायकल रेझनिक यांनी ही भूमिका विकसित केली. तिच्यावरचा कठीण आक्षेप संमिश्र संख्यांतून, म्हणजे −१ चे वर्गमूळ i घेऊन बनणाऱ्या a + bi अशा संख्यांतून, येतो. −१ ची दोन वर्गमुळे, i आणि −i, यांची अदलाबदल केली तरी संमिश्र संख्यांची बीजगणितीय संरचना जशीच्या तशी राहते. वस्तू म्हणजे नुसते स्थान असेल, तर ही वर्गमुळे दोन कशामुळे, याचे सर्वमान्य उत्तर अद्याप नाही.