जीपीएस चालतं म्हणजे फोन उपग्रहाशी बोलतो?

‘टॉवरची रेंज गेली की फोन आपोआप उपग्रह पकडतो, नाहीतर जीपीएस कसं चाललं असतं?’ हा समज जुना आहे, आणि चुकीचा. जीपीएसमध्ये फोन फक्त ऐकतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाला तो काहीच पाठवत नाही.

दुतर्फा बोलणं वेगळं. ५जीच्या मानकात उपग्रहांना रीतसर जागा मिळाली ती २०२२ साली, ‘रिलीज १७’ या त्याच्या आवृत्तीत. खरी मेख मात्र वेगात आहे. टॉवर जागचा हलत नाही. पण अशा बोलण्यासाठीचा, समजा ५५० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर धावतो. तुम्ही खुर्चीत बसून असलात तरी तो काही मिनिटांत मावळतो, आणि फोनला पुढच्या उपग्रहाच्या हवाली करावं लागतं. वर त्या वेगाने लहरींची वारंवारताही सरकते, तीही सावरायची. छताखाली तर बहुतेकदा सिग्नलच पोचत नाही.