शैशवविस्मृती

आयुष्याच्या पहिल्या तीन-साडेतीन वर्षांतील प्रसंग प्रौढ माणसाला सहसा आठवत नाहीत. पुढच्या, साधारण सातव्या वर्षापर्यंतच्या आठवणीही अपेक्षेपेक्षा विरळ असतात. या अवस्थेला मानसशास्त्रात शैशवविस्मृती किंवा बाल्यविस्मृती म्हणतात. मेंदूला इजा होऊन किंवा आजारामुळे येणाऱ्या स्मृतिलोपाहून ती वेगळी आहे. तीत हरवते ती प्रसंगस्मृती, म्हणजे विशिष्ट ठिकाणी व वेळी आपल्या बाबतीत काय घडले याची आठवण. त्याच वर्षांत शिकलेली भाषा, चालणे, घरच्या माणसांची ओळख मात्र टिकते. त्यामुळे तान्ह्या वयात काहीच साठवले जात नाही, असे म्हणता येत नाही.

संकल्पनेचा उगम : या संकल्पनेचे श्रेय बहुधा सिग्मंड फ्रॉइड यांना दिले जाते. संज्ञा रूढ होण्यापुरते ते योग्य आहे. निरीक्षण मात्र त्यांच्याआधीचे आहे. अमेरिकेत कॅरोलाइन माइल्स यांनी १८९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीत ‘तुम्हाला आठवणारी सर्वांत जुनी गोष्ट कोणती?’ असा प्रश्न होता आणि उत्तरांतील सरासरी वय तीन वर्षांच्या आसपास निघाले. पुढे फ्रान्समध्ये व्हिक्टर व कॅथरीन आंरी या दांपत्याने याच विषयावर स्वतंत्र प्रश्नावली काढली. त्यांना १२३ जणांची उत्तरे मिळाली. बहुतेकांची पहिली आठवण दोन ते चार वर्षांच्या दरम्यानची होती. फ्रॉइड यांनी आपल्या १८९९ च्या निबंधात आंरी यांच्याच सामग्रीचा आधार घेतला. त्यातील एका भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांना तीन-चार वर्षांच्या वयातले जेवणाचे मांडलेले टेबल आणि बर्फ ठेवलेले भांडे आठवत होते. त्याच सुमारास त्यांची आजी वारली होती आणि घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे त्यांना त्याचा मोठा धक्का बसला होता. आठवणीत मात्र आजीचा मृत्यू नव्हता, बर्फ होता. अशा निरुपद्रवी चित्रामागे खरी, क्लेशदायक आठवण झाकलेली असते, असे फ्रॉइड यांचे मत. १९०५ मध्ये त्यांनी ही विस्मृती सहा ते आठ वर्षांपर्यंत पोहोचते असे म्हटले आणि तिचे कारण बालपणीच्या लैंगिक प्रेरणांचे दमन हे दिले. दमनाची ही उपपत्ती आज फारशी स्वीकारली जात नाही. क्लेशदायक नसलेल्या, आनंदाच्या आठवणीही तितक्याच हरवतात, हे तिच्याविरुद्ध जाते.

भारतीय परंपरेत या विषयाशी जोडली जाणारी कल्पना गर्भोपनिषदात आढळते : गर्भाला पूर्वजन्म आठवतात, जन्मताच वैष्णव वायूचा स्पर्श होऊन ती स्मृती जाते. ही विस्मृती पूर्वजन्मांची आहे, शैशवाची नव्हे. तेव्हा दोन्ही एकच समजणे सयुक्तिक नाही. न्यायसूत्रांतील युक्तिवाद अधिक जवळचा वाटतो. नवजात अर्भक स्तनपानाकडे वळते ते पूर्वाभ्यासाच्या संस्कारामुळे, असे तेथे म्हटले आहे. आठवण सांगता येत नसली, तरी तिचा संस्कार वर्तनात उतरतो, हा भेद तेथे गृहीत आहे.

तान्ह्या मुलांची स्मृती : अर्भकांना स्मृतीच नसते, हा जुना समज न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठातील कॅरोलिन रोव्ही-कॉलियर यांच्या प्रयोगांनी मोडला. पाळण्यावरील चिमणाळ्यासारख्या फिरत्या खेळण्याला बांधलेली फीत त्यांनी बाळाच्या घोट्याला जोडली. पाय झाडला की खेळणे हलते, हे बाळ काही मिनिटांत शिकते. काही दिवसांनी तेच खेळणे फीत न जोडता वर टांगले असता बाळ पुन्हा जोरात पाय झाडू लागले, तर त्याला आठवते असे धरले जाते. दोन महिन्यांच्या बाळात ही स्मृती एक-दोन दिवस, तीन महिन्यांच्या बाळात सुमारे आठवडा, तर सहा महिन्यांच्या बाळात सुमारे दोन आठवडे टिकते. विसरलेल्या बाळाला हलते खेळणे थोडा वेळ नुसते दाखवले, तरी स्मृती परत येते. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०२५ मध्ये ४ ते २५ महिन्यांच्या २६ जाग्या बालकांच्या मेंदूचे चुंबकीय प्रतिमांकन प्रसिद्ध केले. चित्र प्रथम पाहताना हिप्पोकॅम्पस या भागाची क्रिया जितकी अधिक, तितके ते चित्र पुढे ओळखले जाण्याची शक्यता जास्त आढळली; वर्षावरील बालकांत हा परिणाम अधिक स्पष्ट होता.

कारणमीमांसा : मूळ वाद असा की, या आठवणी नष्ट होतात की शिल्लक असून हाती लागत नाहीत. एर्न्स्ट शॅख्टेल यांनी १९४७ मध्ये दुसरा पक्ष मांडला : प्रौढाची विचारचौकट बदललेली असते आणि तीत बालपणीचा अनुभव बसत नाही. भाषेसंबंधीचा पुरावा गॅब्रिएल सिमकॉक व हार्लीन हेन यांच्या न्यूझीलंडमधील प्रयोगातून (२००२) मिळतो. २७ ते ३९ महिन्यांच्या मुलांना एक यंत्र दाखवले गेले. वरच्या बाजूने खेळणे टाकून दांडा फिरवला की दिवे लागत, आवाज होई आणि खालच्या दारातून त्याच खेळण्याची लहान प्रतिकृती बाहेर येई. सहा महिने किंवा वर्षाने मुले यंत्र कसे चालवायचे ते करून दाखवत, छायाचित्रे ओळखत. दरम्यान त्यांचा शब्दसंग्रह पुष्कळ वाढला होता. तरीही प्रसंग सांगताना ती, प्रसंग घडला तेव्हा येत असलेलेच शब्द वापरत. हा निष्कर्ष मात्र निरपवाद नाही : सहा वर्षांनी याच मुलांपैकी सुमारे एक-पंचमांश मुलांनी तो प्रसंग शब्दांत सांगितला.

मार्क हाउ व मेरी करेज यांच्या मते (१९९३) आरशातील आपले प्रतिबिंब ओळखण्याइतकी ‘स्व’ची जाणीव १८ ते २४ महिन्यांत येईपर्यंत अनुभव बांधायला केंद्रच नसते. कॅथरीन नेल्सन व रॉबिन फायव्हुश गतगोष्टींविषयी घरात होणाऱ्या संभाषणाला महत्त्व देतात. या मताला सांस्कृतिक तुलनेचा आधार आहे : पूर्वजांच्या व गतकाळाच्या कथनाला मोठे स्थान देणाऱ्या माओरी समाजात पहिली आठवण सरासरी तीन वर्षांच्याही आतली आढळते.

भाषा, ‘स्व’ व संभाषण यांच्या आधारे दिलेली स्पष्टीकरणे माणसापुरती ठीक. परंतु भाषा नसलेल्या प्राण्यांतही ही विस्मृती दिसते. उंदरांची सतरा-अठरा दिवसांची पिले शिकलेली भीती प्रौढांपेक्षा फार लवकर विसरतात, हे बायरन कॅम्पबेल यांनी १९६० च्या दशकात दाखवले. जन्मतःच मेंदू बराच परिपक्व असलेल्या गिनीपिगमध्ये असे होत नाही. पॉल फ्रँकलंड व शीना जॉसलिन यांच्या टोरांटोतील गटाने २०१४ मध्ये याची संगती लावली. शैशवात हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी वेगाने तयार होतात आणि त्या जुन्या जोडण्यांची मांडणी बदलतात. पिलांमध्ये ही निर्मिती औषधाने मंदावली असता विसरणे कमी झाले; प्रौढ उंदरांत चाकावर धावण्याच्या व्यायामाने ती वाढवली असता विसरणे वाढले. मात्र त्याच गटाने २०१८ मध्ये, शिकताना सक्रिय झालेल्या पेशी प्रकाशाने पुन्हा उद्दीपित करून पिलांची ‘हरवलेली’ स्मृती प्रौढपणी जागी केली. क्रिस्टिना अल्बेरिनी यांचे २०१६ चे निष्कर्षही असेच आहेत. त्यामुळे निदान कृंतक (उंदरांसारख्या कुरतडणाऱ्या) प्राण्यांपुरता आठवणी पूर्णपणे नष्ट होत नाहीत, हा पक्ष सध्या सबळ दिसतो.

कालनिश्चिती : पॅट्रिशिया बावर व मरीना लार्किना यांनी तीन वर्षांच्या मुलांशी झालेल्या संभाषणांतील प्रसंग पुढे पुन्हा विचारले (२०१४). पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना ४० टक्क्यांहून कमी. म्हणजे विस्मृती बालपणातच सुरू होते.

पहिल्या आठवणीचे वय मात्र बहुधा सांगणाऱ्याच्या शब्दावर ठरते, आणि तेथे चूक दोन्ही दिशांनी होते. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांना दुसऱ्या वर्षी पॅरिसमध्ये आपल्याला पळवून नेण्याचा प्रयत्न झाल्याचे स्पष्ट आठवत होते. ते सुमारे पंधरा वर्षांचे असताना दाईने ती हकिकत रचल्याची कबुली दिली. उलट कॅरोल पीटरसन यांनी पालकांकडून तारखा पडताळल्या तेव्हा अगदी लहान वयातील आठवणी माणसे प्रत्यक्षाहून पुढच्या वयाच्या सांगतात असे दिसले. त्यांच्या मते पहिल्या आठवणीचे सरासरी वय साडेतीन नसून अडीच वर्षांच्या जवळ असावे.