मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे: अधिकार कोणाला, पद्धत काय, कागद कोणते

विषयपत्रिकेवरचा पहिला विषय बहुतेक वेळा हाच असतो आणि अर्ध्या मिनिटात उरकलाही जातो. पण सभेत काय ठरले याचा अधिकृत पुरावा पुढे तेवढाच उरतो. सचिवांनी लिहून आणलेला कागद सभेने कायम करेपर्यंत मसुदाच असतो, मग तो कितीही सुबक टाईप केलेला असो.

संसदीय पद्धतीचे नियम अनेक संस्था अमेरिकी लष्करी अधिकारी हेन्री मार्टिन रॉबर्ट यांच्या १८७६ साली निघालेल्या नियमपुस्तकावरून घेतात. खालची माहिती त्याच पद्धतीची आहे. तुमच्या संस्थेचे पोटनियम किंवा लागू असलेला कायदा वेगळे सांगत असेल, तर आधी तो पाळायचा.

पद्धत

सचिव इतिवृत्त वाचतात. मसुदा आधीच सर्वांना पाठवला असेल, तर कोणी मागणी केल्याशिवाय वाचावा लागत नाही. मग अध्यक्ष विचारतात, "इतिवृत्तात कोणाची काही दुरुस्ती आहे का?" इथे खरोखर थांबावे, लोकांना पान उलटायला वेळ द्यावा. कोणी बोलले नाही तर अध्यक्ष जाहीर करतात, "दुरुस्ती नसल्याने इतिवृत्त कायम झाले." एवढे पुरते. सूचक-अनुमोदक लागत नाहीत, हात वर करायला लावायची गरज नसते. तरी कोणी रीतसर सूचना मांडलीच तर बिघडत काही नाही, फक्त वेळ जातो.

"माझा इतिवृत्ताला विरोध आहे" असे म्हणून मात्र ते अडवता येत नाही. हरकत घ्यायची एकच वाट आहे: काय चुकले ते दाखवून दुरुस्ती सुचवणे. बहुतेक दुरुस्त्या सर्वानुमते होतात, वाद झालाच तर साध्या बहुमताने निकाल लागतो.

दुरुस्ती कशाला म्हणायचे

गोंधळ सगळ्यात जास्त इथे होतो, म्हणून उदाहरण घेतो. मागच्या सभेत एक काम तीन महिन्यांत पूर्ण करण्याचा ठराव आला, चर्चेत उपसूचना (ठरावात बदल सुचवणारी सूचना) मंजूर झाली आणि मुदत सहा महिने झाली. मसुद्यात चुकून "तीन" राहिले. सभासदाने ते दाखवले, सचिवांनी उपसूचनेची चिठ्ठी काढून पाहिली, "तीन" खोडून "सहा" केले. ही दुरुस्ती. आता दुसरा सभासद उठतो: "सहा फार होतात, चारच करा." ही दुरुस्ती नव्हे, तो झालेला निर्णय बदलायचा प्रस्ताव आहे आणि तो वेगळा मांडावा लागतो. नोंद खरी आहे की नाही, एवढेच इथे पाहायचे. ज्या ठरावाविरुद्ध तुम्ही मत दिले, तो इतिवृत्तात बरोबर लिहिलेला असेल, तर इतिवृत्त कायम व्हायला तुमची हरकत असायचे कारण नाही.

दुरुस्ती मसुद्यातच करायची. आजच्या इतिवृत्तात "मागील इतिवृत्त दुरुस्तीसह कायम" एवढीच नोंद येते.

अधिकार कोणाला

दुरुस्ती सुचवण्याचा अधिकार प्रत्येक सभासदाला. मागच्या सभेला गैरहजर होतात म्हणून गप्प बसायचे असा नियम नाही. हा गैरसमज मी फार ठिकाणी पाहिला आहे आणि त्यामुळे चांगली नजर असलेली माणसे उगीच तोंड मिटून बसतात.

विशेष सभेत जुने इतिवृत्त घेत नाहीत, तिचे स्वतःचे इतिवृत्त पुढच्या नियमित सभेत येते. आणि पुढची नियमित सभा तिमाहीपेक्षा लांब असेल, उदाहरणार्थ वार्षिक सभा, तर कार्यकारिणीला किंवा खास समितीला इतिवृत्त कायम करण्याचा अधिकार देऊन ठेवावा. वर्षभराने कोणाला काय आठवणार?

सोबत काय ठेवायचे

सचिवांपुढे मसुदा, त्या सभेची विषयपत्रिका, ठराव व उपसूचनांच्या लेखी चिठ्ठ्या, मतमोजणीचे आकडे आणि इतिवृत्ताची वही हवी. मसुद्यात सभेचा प्रकार, तारीख, वेळ, ठिकाण, अध्यक्ष-सचिव हजर होते की त्यांच्या जागी कोण होते, ठरावांचे अंतिम शब्द व निकाल, हरकतीचे मुद्दे आणि त्यांवरचा अध्यक्षांचा निर्णय कारणासह, सभा संपल्याची वेळ हे सारे असावे. सूचकाचे नाव महत्त्वाच्या ठरावाला लिहितात, अनुमोदकाचे सभेने सांगितल्याशिवाय लिहीत नाहीत. कोण काय बोलले ते नको. काय ठरले ते हवे. भाषणे उतरवली की सभासद आपापल्या वाक्यांवरून भांडत बसतात. ध्वनिमुद्रण सचिवांच्या मदतीला चालेल, पण त्याची नक्कल म्हणजे इतिवृत्त नव्हे.

कायम झाल्यावर सचिवांनी "कायम" असा शेरा मारून आद्याक्षरे आणि तारीख घालावी.

नंतर चूक सापडली तर

कितीही वर्षांनी सापडली तरी दुरुस्त करता येते, पण आता साधे बहुमत प्रत्येक वेळी पुरत नाही. हा विषय येणार अशी पूर्वसूचना दिली असेल तर बहुमत, नसेल तर दोन तृतीयांश मते, किंवा एकूण सभासदसंख्येचे बहुमत लागते. जुन्या पानावर खाडाखोड करायची नाही. दुरुस्तीचा ठराव शब्दशः, मंजूर होवो वा फेटाळला जावो, त्या दिवशीच्या इतिवृत्तात लिहायचा. मंजूर झाला असेल तर जुन्या पानाच्या समासात सचिवांनी दुरुस्ती कोणत्या तारखेच्या सभेत झाली एवढे नोंदवून ठेवावे.